एका कॅमेऱ्यात बसवलेलं घर

चोर घरात शिरला, काही न नेता गेला, आणि जाण्याआधी स्वयंपाकघरातल्या कात्रीला धार लावून गेला. असा चोर तुम्ही कधी ऐकलाय? पण मास्तरांच्या बायकोचं म्हणणं हेच होतं, आणि ती उगाच काहीबाही बोलणारी बाई नव्हे. तिने दुधाची पिशवी कापायला कात्री घेतली तर पिशवीबरोबर बोटही कापलं. कालपर्यंत जिला साधा दोरा तुटत नव्हता, त्या कात्रीला आज ही धार आली कुठून?

"तुम्ही लावलीत का हो?" बोटाला चिंधी गुंडाळत तिने विचारलं.

मास्तर चहा घेत होते. "हो, रविवारी लावली" एवढं म्हणाले असते तर तिथंच मिटलं असतं, आणि मलाही पुढे सांगायला काही उरलं नसतं. पण चोराच्या मनात चांदणं! त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मी? मी कधी लावणार? दिवसभर मी फॅक्टरीत असतो."

हे धडधडीत खोटं होतं. मास्तर चार महिने झाले, फॅक्टरीत जात नव्हते. फॅक्टरीने त्यांना घरी बसवलं होतं आणि ही गोष्ट त्या घरात त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती.

मास्तर म्हणजे कटिंग मास्तर. तयार कपड्यांच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं काढलेला माणूस. लांबलचक टेबलावर कापडाचे साठ-सत्तर थर अंथरायचे, त्यावर पाठ, बाही, कॉलर, खिसा यांचे कागदी साचे असे मांडायचे की दोन साच्यांच्या मधे बोटभरसुद्धा कापड वाया जाता कामा नये, मग खडूने आखायचं आणि कापायचं. या मांडणीत मास्तरांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांच्या टेबलाखालच्या चिंध्यांतून बाहुलीचा फ्रॉकसुद्धा निघायचा नाही असं सगळे म्हणायचे, आणि ते ऐकलं की मास्तर मिशीतल्या मिशीत हसायचे. मग फॅक्टरीत कॉम्प्युटर आला. मास्तरांना जी मांडणी करायला सकाळची दुपार व्हायची, ती तो चहा निवायच्या आत करून दाखवायचा. मॅनेजरने त्यांना केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, पाकीट दिलं, हातात हात घेतला आणि वाट दाखवली.

त्या संध्याकाळी मास्तर वाक्य तोंडपाठ करून घरी आले होते. तर बायको दारातच उभी! डोळ्यांच्या हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर अकरा वर्षं टेंपररी घासल्यावर त्याच दिवशी तिला कायम केलं होतं. ती हसत होती की रडत होती तेच कळत नव्हतं. मास्तरांनी वाक्य गिळलं. मनाशी म्हणाले, आज तिचा दिवस आहे, उद्या सांगू. उद्या तिचा भाऊ अभिनंदन करायला आला. परवा तिचं डोकं दुखत होतं. असं करता करता नोकरी गेल्याची लाज राहिली बाजूला आणि इतके दिवस सांगितलं नाही याचीच लाज डोंगराएवढी झाली. दर पहिल्या तारखेला पाकिटातून पगाराइतक्या नोटा काढून ते तिच्या हातात ठेवत राहिले. पाकीट आता अगदी चपटं झालं होतं. आणखी फार तर दोन महिने.

पहिला महिना त्यांनी बागेत, वाचनालयात आणि बसस्टॉपवर घालवला. पण डबा घेऊन भर दुपारी बागेत बसलेल्या माणसाकडे लोक कसे बघतात ते ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक. शिवाय मास्तरांना बसायची सवय नाही. एकतीस वर्षं उभ्याने काम केलेला माणूस, त्याला बाक टोचतो. मग ते चालत राहायचे, गल्ल्यामागून गल्ल्या. संध्याकाळी पाय सुजून भप्प व्हायचे. शेवटी त्यांनी युक्ती काढली. सकाळी बायकोबरोबर बाहेर पडायचं, तिची बस सुटली की चौकाला वळसा घालून दहाच्या सुमारास परत घरी. ती सहाला येते. आपण साडेपाचला निघायचं, पाय सुजेपर्यंत गल्ल्या तुडवायच्या आणि सातला थकूनभागून यायचं. आपल्याच घरात चोरासारखं शिरायचं. पण तिथेही हात स्वस्थ बसतील तर शपथ! कपाटातल्या चादरी काठाला काठ जुळवून घडी घाल, पडद्याची उसवलेली शिवण टाचून ठेव, आणि एक दिवस ती कात्री. बोथट कात्री बघून कटिंग मास्तरचा जीव कसा राहणार? जित्याची खोड, दुसरं काय.

कात्रीचं प्रकरण झालं त्याच आठवड्यात समोरच्या काकूंनी जिन्यात बायकोला गाठलं. "अगं, तुम्ही दोघं गेल्यावर तुमच्या घरात कुणीतरी खोकतं गं. मी स्वतः ऐकलं." झालं! बायकोचा चेहरा पांढराफटक. चादरींच्या घड्या, पडद्याची शिवण, सगळं तिला एकदम आठवलं. तिने भावाला फोन केला आणि तो तासाभरात हजर.

हा मेव्हणा शाळेची बस चालवायचा आणि उरलेल्या वेळात जगाला सल्ले द्यायचा. त्याने घरभर फिरून खिडक्या हलवून बघितल्या, कुलपाच्या भोकात डोळा घालून बघितलं आणि निकाल दिला, "ताई, हा साधा चोर नाही. हा आधी घराची पाहणी करतोय. सवय लागू देतोय घराला. एक दिवस ट्रक आणेल आणि सगळं भरून नेईल."

"पण कात्रीला धार कशाला लावेल?" बायको म्हणाली.

"हत्यार तयार ठेवतोय," मेव्हणा म्हणाला, आणि तिथंच बायकोने पदर तोंडाला लावला. मास्तरांना वाटलं, याचं मुंडकं धरून खिडकीबाहेर काढावं. पण करतात काय? तोंड उघडावं तर आपलंच भांडं फुटतं.

दुसऱ्या दिवशी मेव्हणा कॅमेरेवाल्याकडून अंदाजपत्रक घेऊन आला. चार कॅमेरे, रेकॉर्डिंगचा डबा, वायर, बसवणावळ. खालचा आकडा बघून बायकोने कागद उलटा ठेवला. "एवढे पैसे चोरानेही नेले नसते," ती म्हणाली. मास्तरांचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच ती त्यांच्याकडे वळली. "अहो, तुम्हीच बसवा ना हे बजेटमध्ये. तुमच्यासारखा काटकसरी मांडणी करणारा दुसरा कोण आहे? याला काय कळतंय!"

आता सांगा, काय म्हणायचं या माणसाने? स्वतःला पकडायचा पिंजरा, तोही स्वस्तात, आणि बांधायचा स्वतःच. मास्तर म्हणाले, "बघतो."

आणि बघायला बसले ते बसलेच. खोटं नाही सांगत, चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या हाताला काम मिळालं होतं. ब्राउन पेपर काढला, टेप काढली, घर मोजलं. हॉल, स्वयंपाकघर, आतली खोली, गॅलरी. सगळं प्रमाणात आखलं. कॅमेरेवाल्याला विचारून आले की एक कॅमेरा केवढा कोन बघतो, आणि तेवढ्या कोनाचा पंख्याच्या पात्यासारखा तुकडा पुठ्ठ्यातून कापला. मग तो पुठ्ठा नकाशावर इकडे ठेव, तिकडे ठेव. कॉलरचा साचा बाहीच्या बगलेत बसवायचा, तसंच हे. रात्रीचं जेवण थंड झालं. बायको शेजारी उभी राहून कौतुकाने बघत होती आणि मास्तर तिच्याकडे बघणं टाळत होते.

शेवटी सापडली जागा. हॉलच्या खिडकीवरचा कोपरा. तिथं एकच कॅमेरा ठेवला तर मुख्य दार, हॉल, स्वयंपाकघराचं तोंड, गॅलरीचं दार, सगळं एका पात्यात. एक इंच वाया नाही. चार कॅमेऱ्यांचं काम एकात! मास्तरांना इतका आनंद झाला की ते ओरडणारच होते. मग ध्यानात आलं की आपण काय शोधलंय ते. पुठ्ठा हातातच राहिला.

त्यांनी तो गुपचूप नकाशावरच्या दाराजवळच्या कपाटावर आणून ठेवला. आता कॅमेऱ्याचं तोंड गॅलरीकडे, आणि मुख्य दार त्याच्या पाठीशी. दारातून आत आलं की कपाटाच्या आडोशाला, चपलांच्या मांडणीपाशी, दोन हात रुंद पट्टा कुणाला दिसणार नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांनी जाणूनबुजून कापड वाया घालवलं. त्यांना ते फार लागलं, पण त्यांनी त्या जागेवर खडूने फुली मारली.

"इथे," ते म्हणाले. "एकच कॅमेरा. आत कार्ड टाकायचं, रेकॉर्डिंगचा डबा नको, वायर नको. चौथाई खर्च."

"आणि दार?" मेव्हण्याने बरोबर तिथंच बोट ठेवलं. सल्ले देणाऱ्यांचं हेच वाईट, शंभरातला एक बरोबर निघतो.

"कुलूप तुटलंय का? नाही. म्हणजे चोर दारातून येतच नाही, गॅलरीतून येतो. दाराला दुसरा कॅमेरा लागेल, तो बजेटमध्ये बसत नाही."

"बघ," बायको भावाला म्हणाली, "याला म्हणतात डोकं."

कॅमेरेवाला बसवायला आला तेव्हा त्यानेही कपाळाला आठ्या घातल्या. "मास्तर, त्या खिडकीवर लावू या की. सगळं घर दिसेल." मास्तर म्हणाले, "दुपारी दारावरच्या झरोक्यातलं ऊन समोरून येतं तिथे. चित्र पांढरं पडेल." कॅमेरेवाल्याने एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा मास्तरांकडे, आणि गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा मानून कपाटावर स्क्रू मारला. बायकोच्या फोनवर घर दिसायला लागलं. घरात काही हललं की फोन वाजणार. ती लहान मुलीसारखी गॅलरीत जाऊन हात हलवून आली आणि स्वतःलाच फोनमध्ये बघून खूश झाली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ठरवलं, आता घरी जायचं नाही. दिवस बाहेरच काढायचा. अकरापर्यंत निभलं. बागेच्या फाटकापाशी पोचतात तो समोरून मेव्हण्याची पिवळी बस! मास्तर झाडामागे झाले. पन्नाशी उलटून गेलेला माणूस, हातात डबा, झाडामागे. बस गेली, पण ती याच रस्त्याने परतणार होती. आणि पाय आपोआप घराकडे वळले.

त्यांनी कुलूप काढलं, दार वीतभर उघडलं, अंग चोरून आत आले आणि चपलांच्या मांडणीवर बसले. डावीकडे दार, उजवीकडे कपाट, वर कॅमेरा. त्याचा निळा ठिपका त्यांना दिसत नव्हता, पण कपाटाच्या काचेत त्याचा उजेड पडला होता. पुढे पाय पसरला तर अंगठा चित्रात जाईल, म्हणून गुडघे पोटाशी. तहान लागली, पाणी स्वयंपाकघरात, मधे सगळा हॉल. खोकल्याची उबळ आली ती रुमालात कोंबली. एक तास झाला. दीड झाला. डावी मांडी बधिर झाली, मग उजवी. शेजारच्यांच्या घड्याळाचे टोले ऐकू येत होते. मास्तर उठायचे, एका पायावर उभे राहायचे, पुन्हा बसायचे, पुन्हा उठायचे. डबा उघडावा म्हटलं तर झाकणाचा आवाज होईल असं वाटायचं. कुणाला ऐकू जाणार होता? पण वाटायचं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या कपाटामागे, स्वतःच मोजून ठेवलेल्या दोन हातांत हा माणूस बसला होता, आणि मनात एकच चाललं होतं की सहा वाजेपर्यंत हे असंच, आणि उद्या, आणि परवा.

दीड वाजला असेल. एकदम डोक्यावरून आवाज आला, "बघा, बघा! दिसतंय का गं?"

मास्तर ताडकन उठले ते डोकं कपाटाला आपटलं. आवाज बायकोचा. कॅमेऱ्याला कान-तोंड दोन्ही आहेत, फोनवरून बोललं की घरात ऐकू येतं, हे कॅमेरेवाल्याने सांगितलं होतं, पण चित्राच्या काळजीत ते मास्तरांच्या कानावरून गेलं होतं. जेवणाच्या सुट्टीत ती मैत्रिणींना घर दाखवत होती आणि बोलायचं बटण चालू राहिलंय याचा तिला पत्ताच नव्हता.

"अय्या, किती स्वच्छ दिसतंय," दुसरी कुणी म्हणाली. "आमच्याकडे चार लावले. नवऱ्याने नुसते पैसे ओतले."

"आमच्या ह्यांनी एकात बसवलं," बायको म्हणाली. तिच्या आवाजातला तोरा मास्तरांनी तीस वर्षांत ऐकला नव्हता. "कागदावर घर आखलं, पुठ्ठा कापला. फॅक्टरीत उगाच नाही कुणी मास्तर म्हणत. त्यांच्याशिवाय तिथलं पान हलत नाही."

"नशीबवान आहेस बाई."

"आहेच." मग डब्यांचा खडखडाट. मग तिचा आवाज खाली आला. "पण संध्याकाळी येतात ना, पाय असे सुजलेले असतात. रात्री झोपेत कण्हतात. मला वाटतं, सांगावं, सोडा आता ती फॅक्टरी, मी झालेय ना कायम, भागेल आपलं. पण हिंमत होत नाही गं. कामावर इतका जीव आहे. काम काढून घेतलं तर माणूस उरायचा नाही, असं भय वाटतं."

मास्तरांनी भिंतीला हात टेकला. त्यांना रडू आलं, आणि ते रुमालात मावणारं नव्हतं. वाईट वाटलं, राग आला, स्वतःचाच, आणि तिची दया आली. ती बिचारी तिकडे याला जपत होती आणि हा इकडे चपलांत बसला होता.

ते कपाटामागून बाहेर आले आणि हॉलच्या मधोमध उभे राहिले.

तिकडे फोन वाजला असावा, कारण एकदम चार बायका किंचाळल्या. "माणूस! माणूस आहे गं घरात!" "अगं पोलिसांना लाव फोन!" "थांबा, थांबा," बायकोचा आवाज. "थांबा गं... अहो? तुम्ही?"

"मीच आहे," मास्तर कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले. हातांचं काय करावं कळेना, म्हणून ते त्यांनी पाठीमागे बांधले.

"लवकर आलात? बरं नाही का?"

तिने वाट करून दिली होती. डोकं दुखतंय म्हटलं की झालं. मास्तरांनी मान हलवली.

"नाही. मी सकाळपासून इथंच आहे. कपाटामागे. तीन महिने रोज इथंच असतो. फॅक्टरीने मला काढलं गं. ज्या दिवशी तू कायम झालीस, त्याच दिवशी. खोकायचो तो मी. कात्रीही मीच."

कॅमेऱ्यातून हॉस्पिटलच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती, लांब कुठेतरी कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. सगळ्यांनी ऐकलं, मास्तरांच्या मनात आलं. खिडकीवरच्या सगळ्या बायकांनी ऐकलं. आता तिने तिथं तोंड कसं दाखवायचं?

"तुम्ही जरा बाहेर जा गं," बायको म्हणाली. खुर्च्या सरकल्या, दार लागलं. मग तिने विचारलं, "पगार कुठून आणत होतात?"

"जे मिळालं होतं त्यातून."

"आणि दिवसभर उन्हात फिरायचात?"

"पहिला महिना."

"मला नाही सांगितलंत." हे ती रागाने म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "मला नाही सांगितलंत हो," आणि तेव्हा राग नव्हता.

"जेवलात?"

"नाही."

"मी अर्धी रजा टाकतेय. येतेय. तुम्ही कुठे जाऊ नका. त्या खुर्चीवर बसा, मला दिसाल असे."

मास्तरांनी खुर्ची ओढली, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर मांडली आणि बसले. तिची बस यायला, वाटेतली गर्दी धरून, तासभर तरी लागणार होता. ते तसेच बसून राहिले, दोन्ही हात गुडघ्यांवर. मधे एकदा वरून आवाज आला, बसच्या घरघरीतून, "पाणी तरी प्या." ते उठले, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि परत येऊन खुर्चीवर बसले.